समजा, उद्या असे झाले तर...

(प्रस्तुत पाठात उद्याच्या समाजाविषयी धोक्याची सूचना देणाऱ्या लेखकांची ओळख करून दिली आहे. हे लेखक भविष्य सांगतात की सावध करतात, त्यांच्या कथा कशा तयार होतात आणि पालघर, बोईसर, तारापूर या परिसरात राहणाऱ्यांना त्या कथांचा काय उपयोग आहे, हे लेखकाने सोप्या भाषेत समजावून दिले आहे.)

‘इशारा’ हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. उर्दूत इशारा म्हणजे खूण; हाताने किंवा डोळ्याने केलेली. मराठीत मात्र हा शब्द बहुतेक वेळा धोक्याची पूर्वसूचना या अर्थाने येतो. ‘समुद्रात वादळाची शक्यता आहे, मच्छीमारांना इशारा देण्यात आला आहे,’ अशी बातमी आपण पावसाळ्यात नेहमी ऐकतो. इशारा मिळाला की सातपाटीच्या होड्या बंदरातच थांबतात. कधी कधी वादळ दुसरीकडे वळते आणि इकडे काहीच होत नाही. तेव्हा शहाणा तांडेल इशारा देणाऱ्यावर रागावत नाही. होडी वाचली, माणसे वाचली, यातच त्याला समाधान असते.

साहित्यातही असे इशारा देणारे लेखक होऊन गेले आहेत. ते उद्याच्या जगाची गोष्ट सांगतात, पण ती गोष्ट सुखाची नसते. वाचताना मन अस्वस्थ होते. अशा कथांना इंग्रजीत ‘डिस्टोपिया’ म्हणतात. मराठीत आपण त्यांना ‘दुःस्वप्नकथा’ म्हणू या. त्या लिहिणाऱ्या लेखकांना पुष्कळदा ‘द्रष्टे’ म्हटले जाते. द्रष्टा म्हणजे पुढचे पाहू शकणारा. उर्दूत त्यासाठी ‘दूरअंदेश’ असा सुंदर शब्द आहे. दूरअंदेश माणूस आणि ज्योतिषी यांत मोठा फरक आहे. आपले भविष्य खरे ठरावे असे ज्योतिषाला वाटते. दूरअंदेश लेखकाला मात्र वाटते, की आपण लिहिलेले खोटे ठरावे.

हे कसे, ते समजण्यासाठी आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूर येथे वीज देऊ लागले. या केंद्राच्या आसपासच्या गावांत अधूनमधून आणीबाणीची रंगीत तालीम घेतली जाते. भोंगा वाजतो. लोकांनी घरात थांबावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, पुढील सूचनांकडे लक्ष द्यावे, असे सांगितले जाते. त्या दिवशी खरा अपघात झालेला नसतो. सगळी धावपळ ‘समजा’ या एका शब्दावर चाललेली असते. समजा, अपघात झाला. तर कोणी काय करायचे? तालीम झाली, की कोठे काय कमी पडले ते कळते आणि त्यात सुधारणा करता येते.

दुःस्वप्नकथा म्हणजे सबंध समाजाची अशी रंगीत तालीमच होय. लेखक ‘समजा’ म्हणतो आणि आपल्याला एका वाईट उद्यामध्ये नेतो. पुस्तक मिटल्यावर आपण सुखरूप घरीच असतो. पण आपले काय चुकते आहे, ते आपल्याला कळलेले असते.

उद्याच्या जगाविषयी लिहिणारे सगळेच लेखक भीती दाखवत नाहीत. काही जण सुंदर स्वप्नही दाखवतात. सर टॉमस मोर यांनी १५१६ मध्ये ‘युटोपिया’ नावाच्या एका आदर्श बेटाचे वर्णन केले. आपल्या उपखंडात बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. त्या कथेतील देशाचा कारभार स्त्रिया चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि ढगांतील पाणी हवे तेव्हा मिळवतात. त्या काळी मुलींच्या शिक्षणाला मोठा विरोध होता. मुलींना शिकू दिले तर काय घडू शकते, हे त्यांनी गोष्टीतून दाखवले आणि पुढे १९११ मध्ये कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी स्वतः शाळा सुरू केली. सुंदर स्वप्न आपल्याला कोठे जायचे ते सांगते. दुःस्वप्न आपल्याला कोठे जायचे नाही ते सांगते. प्रवासाला दोन्ही पाट्या लागतात.

आता तारापूरला ज्याच्यामुळे वीज तयार होते, त्या अणूची गोष्ट पाहू. एच. जी. वेल्स हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे प्रसिद्ध इंग्रज लेखक होते. फ्रेडरिक सॉडी या शास्त्रज्ञाचे रेडियमवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले. अणूच्या पोटात प्रचंड शक्ती दडलेली आहे, हे त्यातून त्यांना कळले. १९१४ मध्ये त्यांनी ‘द वर्ल्ड सेट फ्री’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यात विमानांतून अणुबाँब टाकले जातात आणि मोठमोठी शहरे नष्ट होतात. तेव्हा जगात अणुबाँब नव्हता आणि तो कसा तयार करावा हे कोणालाही ठाऊक नव्हते.

१९३२ मध्ये लिओ झिलार्ड या हंगेरियन शास्त्रज्ञाने ही कादंबरी वाचली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये असताना त्यांना शृंखला अभिक्रियेची कल्पना सुचली. एक अणुकेंद्र फुटले की त्यातून बाहेर पडणारे कण दुसरी केंद्रे फोडतील, ती आणखी केंद्रे फोडतील आणि ही साखळी वाढतच जाईल, अशी ती कल्पना होती. वेल्स यांची कादंबरी वाचलेली असल्यामुळे या शोधाचा शेवट कोठे होऊ शकतो, हे झिलार्ड यांना आधीच दिसत होते. बाँब तयार झाल्यावर त्यांनी जुलै १९४५ मध्ये एक विनंतीपत्र लिहिले. जपानवर त्याचा वापर असाच करू नये, असे त्यात म्हटले होते. त्यावर सुमारे ७० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. पण तो आवाज ऐकला गेला नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबाँब पडले.

वेल्स यांच्या कादंबरीत हे युद्ध १९५६ मध्ये होते. म्हणजे त्यांचे साल चुकले. त्यांचा बाँबही खऱ्या बाँबसारखा नाही. तो एकदा फुटला की कित्येक दिवस फुटतच राहतो. पण धोका त्यांनी बरोबर ओळखला होता. शक्ती लवकर हाती येते आणि ती वापरण्याचे शहाणपण मागे राहते, हे त्यांचे खरे सांगणे होते. त्याच शक्तीने १९४५ मध्ये दोन शहरे जाळली आणि १९६९ मध्ये तारापूरहून घराघरांतले दिवे लावले. अणू तोच होता. तो वापरणाऱ्या माणसाचा हेतू वेगळा होता.

दुसरे उदाहरण यंत्रमानवाचे आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० मध्ये ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले. त्यात एका कारखान्यात कामासाठी कृत्रिम माणसे तयार केली जातात. मालकांना स्वस्तात काम हवे असते. शेवटी ही कृत्रिम माणसे बंड करतात. त्यांच्यासाठी चापेक यांनी ‘रोबोट’ हा शब्द वापरला. तो त्यांना त्यांच्या भावाने सुचवला होता. चेक भाषेतील ‘रोबोटा’ या शब्दापासून तो तयार झाला. रोबोटा म्हणजे सक्तीची मजुरी. आपल्याकडे तिला ‘वेठबिगार’ म्हणतात. हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. डहाणू, तलासरी भागातील वारली आदिवासींनी १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. म्हणजे चापेक यांचे नाटक वरवर पाहता यंत्रांचे असले, तरी त्याच्या पोटात माणसांच्याच वेठबिगारीचा प्रश्न आहे. ज्याच्याकडून केवळ काम करून घेतले जाते, त्याला मन आहे की नाही, असे ते नाटक विचारते.

ई. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा तर आज वाचताना आश्चर्य वाटते. ती १९०९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील माणसे जमिनीखाली आपापल्या खोलीत एकटी राहतात. एका तबकडीवर ती एकमेकांचे चेहरे पाहतात आणि बोलतात. अन्न, हवा, संगीत हे सारे यंत्र पुरवते. प्रत्यक्ष भेटणे त्यांना नकोसे होते. एक दिवस यंत्र बंद पडू लागते, आणि ते दुरुस्त कसे करावे हे कोणालाच माहीत नसते. फॉर्स्टर यांची सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद यांच्याशी घनिष्ठ मैत्री होती. आपली ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी त्यांनी मसूद यांनाच अर्पण केली. मैत्रीसाठी समुद्र ओलांडणाऱ्या या लेखकाला खोलीत कोंडलेल्या माणसांची भीती वाटावी, यात नवल नाही. आज एकाच घरातील चार माणसे चार मोबाइलमध्ये डोळे घालून बसलेली दिसतात, तेव्हा ही कथा आठवते.

जॉर्ज ऑर्वेल यांचा जन्म १९०३ मध्ये बिहारमधील मोतीहारी येथे झाला. त्यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही कादंबरी १९४९ मध्ये निघाली. तिच्यातील राज्यात घराघरांत पडदे बसवलेले असतात आणि त्यांतून सरकार माणसांवर नजर ठेवते. जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर पुन्हा पुन्हा बदलला जातो. सर्वांत भयंकर गोष्ट अशी, की तेथे भाषेतून शब्द काढून टाकले जातात. ‘स्वातंत्र्य’ या अर्थाचा शब्दच उरला नाही, तर माणूस स्वातंत्र्य मागणार कसे? दोन-तीन भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट विसरू नये. जितके शब्द अधिक, तितका विचार मोकळा.

मराठीत अशा कथांची परंपरा मोठी करणाऱ्यांत डॉ. जयंत नारळीकर यांचे नाव अग्रभागी आहे. ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये, हा त्यांचा हेतू होता. कथेला पहिले बक्षीस मिळाले. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा त्यांचा कथासंग्रह आला. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत माणसाने बनवलेला अतिशय बुद्धिमान यंत्रमानव माणसालाच भारी पडू पाहतो. त्यांच्या ‘पुत्रवती भव’ या कथेचा विषय आपल्या समाजाच्या अधिक जवळचा आहे. मुलगाच व्हावा, ही इच्छा आपल्याकडे जुनी आहे. समजा, ही इच्छा पुरी करण्याचे साधन विज्ञानाने हाती दिले, तर काय होईल? प्रत्येक घराला आपली इच्छा पुरी झाल्याचा आनंद होईल. पण त्या आनंदांची बेरीज करून जो समाज तयार होईल, त्यात मुली कोठे असतील?

हा प्रश्न गोष्टीपुरता राहिला नाही. गर्भातील मुलगा की मुलगी हे ओळखण्याची साधने आली आणि त्यांचा गैरवापर सुरू झाला. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये सबंध देशासाठी कायदा झाला. तरीही जनगणनेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४ राहिल्या. शेजारच्या बाकावर बसू शकली असती अशी एखादी मुलगी जन्मालाच आली नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे. इशारा ऐकणे आणि इशाऱ्याप्रमाणे वागणे यांत किती अंतर असते, ते येथे दिसते.

मग अशा लेखनाचा काहीच उपयोग होत नाही काय? होतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक लिहिले. पुस्तक विज्ञानाचे आहे, पण त्याचे पहिले प्रकरण एक काल्पनिक गोष्ट आहे. एका गावात वसंत ऋतू येतो, पण पक्षी गात नाहीत, कारण विषारी औषधांच्या फवारणीने ते मेलेले असतात. ही छोटीशी ‘समजा’ लोकांच्या मनाला लागली. डी.डी.टी.सारख्या औषधांविषयी देशभर चर्चा झाली आणि १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर बंद केला. तेथे इशारा ऐकला गेला.

हा विषय बोईसरच्या माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यावर हजारो घरांची चूल पेटते. आपल्यापैकी अनेकांचे वडील, भाऊ तेथे पाळीवर जातात. दुसरीकडे, वसाहतीतील सांडपाण्याने खाडी व समुद्र दूषित होतो, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमार समाजाची संघटना २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. एकीकडे कामगाराची रोजी आहे, दुसरीकडे मच्छीमाराची रोजी आहे. कारखाने नसावेत असे म्हणणे सोपे आहे आणि सांडपाण्याकडे डोळेझाक करणे त्याहून सोपे आहे. अवघड आहे ते दोन्ही रोजी राखण्याचा मार्ग शोधणे. अशा वेळी कोणीतरी ‘समजा, एके दिवशी सगळी जाळी रिकामी आली’ अशी गोष्ट लिहिली, तर ती कारखान्याच्या वैऱ्याची गोष्ट समजू नये. ती शेजाऱ्याने मारलेली हाक आहे.

दुःस्वप्नकथा वाचताना तीन प्रश्न मनाशी विचारावेत. लेखकाने आजची कोणती गोष्ट उचलली आहे? ती कोणत्या दिशेने वाढवली आहे? आणि ती तशी वाढू नये म्हणून आज काय करता येईल? वेल्स यांनी सॉडींच्या पुस्तकातले एक बीज घेतले. नारळीकरांनी घरोघरी बोलली जाणारी एक इच्छा घेतली. आकाशातून कोणालाही काही दिसले नव्हते. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते तेच त्यांनी थांबून, नीट पाहिले.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. केवळ घाबरून हातपाय गाळणे हा अशा वाचनाचा हेतू नाही. भोंगा ऐकून जो कान झाकून बसतो आणि जो ओरडत सैरावैरा पळतो, ते दोघेही चुकतात. भोंगा ऐकून जो शेजाऱ्याचे दार ठोठावतो आणि त्यालाही सांगतो, त्याने तालमीचा अर्थ ओळखला, असे म्हणावे लागेल.

शब्दार्थ

इशारा : धोक्याची पूर्वसूचना
तांडेल : मासेमारीच्या होडीचा प्रमुख
द्रष्टा : पुढचे पाहू शकणारा, दूरअंदेश
रंगीत तालीम : प्रत्यक्ष प्रसंगापूर्वी केलेला पूर्ण सराव
वेठबिगार : मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम
झुकते माप देणे : पक्षपात करणे
डोळेझाक करणे : मुद्दाम दुर्लक्ष करणे
रोजी : उदरनिर्वाहाचे साधन
हातपाय गाळणे : धीर सोडणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तारापूरचे अणुवीज केंद्र केव्हापासून वीज देऊ लागले?
(आ) ‘रोबोट’ हा शब्द कोणत्या शब्दापासून तयार झाला?
(इ) डॉ. नारळीकरांनी टोपणनावाने कथा का पाठवली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेखकाने दुःस्वप्नकथेला ‘रंगीत तालीम’ का म्हटले आहे?
(आ) वेल्स यांचे काय चुकले आणि काय चुकले नाही?
(इ) ‘प्रवासाला दोन्ही पाट्या लागतात’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. भाषाभ्यास
(अ) ‘इशारा’ या शब्दाप्रमाणे उर्दूत व मराठीत दोन्हीकडे असलेले पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.
(आ) ‘जर... तर’ वापरून पाणी, वीज आणि झाडे यांविषयी एकेक वाक्य लिहा.

४. उपक्रम
आपल्या गावातील किंवा मोहल्ल्यातील एक लहानशी गोष्ट निवडा. ती अशीच वाढत गेली तर वीस वर्षांनी काय होईल, याची एक पानभर गोष्ट लिहा. सुरुवात ‘समजा’ या शब्दाने करा. गोष्टीखाली, ती खोटी ठरावी म्हणून आज काय करता येईल, ते दोन वाक्यांत लिहा.